देश वाळीत टाकताना

लोअर परळ स्टेशनातून पूर्वेला उतरलं की जो रस्ता लागतो त्याला आमच्याकडची जुनी माणसं अजून डिलाईल रोडच म्हणतात. पाटीवर नाव आहे ना. म. जोशी मार्ग. बीडीडी चाळी याच रस्त्यावर, त्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडेही इथलेच, आणि मॅरेथॉन फ्युचरेक्स ही काचेची उंच इमारतही इथलीच. तिथे इस्रायलचा मुंबईतला वाणिज्य दूतावास आहे. गाझातल्या युद्धाच्या काळात इथल्या चहाच्या टपरीवर एक वाक्य मी अनेकदा ऐकलं : "अशा देशाला सगळीकडून वाळीत टाकलं पाहिजे." युक्रेनच्या वेळी हेच रशियाबद्दल कानावर आलं होतं. आणि २६/११ नंतर पाकिस्तानबद्दल तर आम्ही सगळेच ते म्हणत होतो.

राग खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वाळीत टाकायचं म्हणजे नेमकं कुठून उठवायचं? शस्त्रांचा व्यवहार थांबवा, व्यापार थांबवा, हे कळतं. शाळा, पुस्तकं, जुन्या वास्तू, भाषा यांचं काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत एखाद्या देशाला घेऊ नये, किंवा तिथून त्याला घालवून द्यावं, ही मागणी मात्र निराळी आहे. युनेस्कोची घटना १९४६ च्या नोव्हेंबरात अमलात आली, तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक दशकात हा वाद झालेला आहे. त्यातले काही प्रसंग तर मराठी माणसाच्या उंबरठ्यावरचे.

'वाळीत टाकणं' हा शब्द कोकणातून आलेल्या गिरणगावाला समजावून सांगावा लागत नाही. गावकीने घर वाळीत टाकलं की दुकानदार मीठ देत नाही, लग्नाच्या पंगतीला बोलावणं येत नाही, मयताला खांदा द्यायला कोणी उभं राहत नाही. अशी प्रकरणं इतकी झाली की महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्या प्रकरणांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. वाळीत पडतो तो बहुतेकदा गावकीला प्रश्न विचारणारा, आणि टाकणारे असतात गावातले वजनदार. म्हणून देशांच्या बाबतीत हे हत्यार उचलताना पहिल्यांदा पाहायला हवं ते हे, की हत्यार कुणाच्या हातात आहे आणि ज्याच्यासाठी ते उचललंय त्याला ते हवंय का.

आता रस्त्याच्या नावाकडे वळतो, कारण उत्तराचा एक धागा तिथेच आहे. नारायण मल्हार जोशी हे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. परळचा दामोदर हॉल तिचाच. ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तिथे भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. भारत तेव्हा गुलाम देश. राष्ट्रसंघातही त्याला स्वतंत्र सभासदत्व मिळालं होतं, आणि त्यावर अमेरिकेच्या सिनेटमध्ये जोरदार आक्षेप होता : कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, भारत ही सगळी ब्रिटनचीच माणसं, म्हणजे एका साम्राज्याला सहा मतं मिळणार. आक्षेप चुकीचा नव्हता. भारताचे प्रतिनिधी लंडन आणि दिल्लीचं सरकारच नेमत होतं. खुद्द जोशींची नेमणूकही सरकारनेच केली, कामगार संघटनांना न विचारता, आणि त्याचा राग १९२० साली मुंबईत आयटक ही कामगार संघटना स्थापन होण्यामागच्या कारणांपैकी एक होता.

म्हणजे एकेकाळी आंतरराष्ट्रीय टेबलावर ज्याचं बसणं लोकांना खुपत होतं, तो देश आपला होता. तरी त्या खुर्चीने काय केलं? वॉशिंग्टनच्या कराराने भारतातल्या कारखान्यांसाठी आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. भारताने तो १९२१ मध्ये मान्य केला आणि १९२२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा फॅक्टरी कायद्यात आली. १९११ च्या कायद्याने गिरणीत पुरुषांना दिवसाला बारा तास राबवण्याची मुभा होती. मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आणला तो १९२० च्या संपाने. ते श्रेय संपकऱ्यांचंच. पण संपाने मिळवलेलं मालकाला उद्या मोडता येतं, कायद्यात आलेलं इतक्या सहज मोडत नाही. साम्राज्याची बाहुली म्हणून त्या दिवशी भारताला बाहेर बसवलं असतं तर ब्रिटिश सरकारचं काही बिघडलं नसतं. नुकसान झालं असतं ते या रस्त्यावरून पहाटे भोंग्याला धावणाऱ्यांचं.

युनेस्कोचे नियमही थोडक्यात सांगायला हवेत, कारण बहुतेक वाद ते माहीत नसताना घातले जातात. संयुक्त राष्ट्रांचा जो सभासद असेल त्याला युनेस्कोत येण्याचा हक्कच आहे, त्याला कोणी अडवू शकत नाही. जो तिथे नाही त्याच्यासाठी कार्यकारी मंडळाची शिफारस आणि सर्वसाधारण परिषदेत दोन तृतीयांश मतं लागतात. काढून टाकणं युनेस्कोच्या स्वतःच्या हातात जवळजवळ नाहीच. संयुक्त राष्ट्रांनी ज्याला हाकललं तोच आपोआप बाहेर होतो. स्वतःहून निघायचं असेल तर कळवायचं, आणि पुढच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला निघायचं. तेव्हा "हाकला" ही मागणी बहुधा नियमाच्या भिंतीवर आपटते, आणि खरी लढाई दोनच जागी होते : दारात नव्याने उभ्या असलेल्याला आत घ्यायचं का, आणि आत बसलेल्याला मानाच्या जागा द्यायच्या का.

गोव्याचं उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून जास्त माणसं गेली. पत्रादेवीला आज स्मारक आहे. भारताने त्याच महिन्यात पोर्तुगालशी संबंध तोडले. सावंतवाडी, पेडणे, बांदा या बाजूची किती कुटुंबं तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत होती ते वेगळं सांगायला नको. माझे आजोबा त्यांतलेच, आणि त्या आठवड्यात चाळीच्या चौकात लोक रात्रभर कसे बसून होते हे ते म्हातारपणीही सांगायचे. अशा वेळी कोणी विचारलं असतं की या पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांत घ्यायचं का, तर चौकातून एकच उत्तर आलं असतं.

आणि बरोबर चार महिन्यांनी, १४ डिसेंबर १९५५ ला, पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. अनेक वर्षं अडकून पडलेल्या सोळा देशांना एकदम प्रवेश मिळाला, त्यांत तो होता. सगळ्यांना आत घ्यावं ही भूमिका भारत तेव्हा सातत्याने मांडत होता. आजोबांच्या पिढीला हे गिळणं किती कठीण गेलं असेल! पण पुढचं पाहा. पोर्तुगाल सभासद झाला म्हणूनच त्याला विचारता आलं की तुमच्या ताब्यात स्वराज्य नसलेले कोणते प्रदेश आहेत. त्याने सांगितलं, आमच्याकडे वसाहती नाहीतच, ते आमचे सागरापारचे प्रांत. हे उत्तर टेबलावर आलं आणि चार वर्षं त्याची चिरफाड झाली. १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात आमसभेने पोर्तुगालच्या अशा प्रदेशांची नावं घेऊन यादी केली. तिच्यात गोवा आणि त्याचे पोटप्रदेश होते. वर्षभराने, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्य गोव्यात गेलं आणि सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देश आपल्यावर तुटून पडले, तेव्हा आपल्या बाजूला रशियाचा नकाराधिकार तर होताच, पण हा वसाहतींचा ठरावही होता. दाराबाहेरच्या पोर्तुगालकडून असा जबाब घेता आला नसता.

युनेस्कोत पोर्तुगाल १९६५ च्या मार्चमध्ये आला. गोवा तोवर मोकळा झाला होता, पण अंगोला, मोझांबिक, गिनी अजून त्याच्याच ताब्यात होते. शिक्षणाच्या नावाखाली भाषा कशी चिरडतात हे गोव्याला कोणी शिकवायला नको. १६८४ सालीच तिथल्या व्हाइसरॉयने कोकणीविरुद्ध फर्मान काढलं होतं. आफ्रिकी देशांनी युनेस्कोत नेमका शिक्षणाचाच प्रश्न लावून धरला. १९६५ मध्येच कार्यकारी मंडळाने ठरवलं की पोर्तुगालच्या आफ्रिकी प्रदेशांतल्या शिक्षणाची पाहणी व्हावी, आणि तोवर शिक्षणविषयक परिषदांना त्याला बोलावू नये. सभासदत्व राहिलं, मानाचं आमंत्रण थांबलं, आणि चौकशी मागे लागली. मला हा निर्णय आजही अनुकरणीय वाटतो. पुढे मुक्ती चळवळींना मदत देण्याचं युनेस्कोने ठरवल्यावर पोर्तुगाल रागावून स्वतःच १९७२ च्या अखेरीस बाहेर पडला. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनला हुकूमशाही कोसळली, सप्टेंबरात तो परत आला, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला त्याने करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. जुन्या गोव्यातली चर्चं १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, ती भारताच्या प्रस्तावावर.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट दुसऱ्या अंगाने जाते. माझे एक मामा लोअर परळच्या गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो संपेचना, तेव्हा त्यांनी पासपोर्ट काढून कुवेत गाठलं. तो पासपोर्ट आजही घरात आहे. गडद निळं जाड कव्हर, कोपरे फुगलेले, आतल्या फोटोवर अर्धा शिक्का, आणि तो कोणत्या देशांसाठी चालेल त्या पानावर इंग्रजीत लिहिलेलं : दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताक वगळून. मामांना डरबनला जायचं नव्हतंच. तरी ते ते पान पोरांना दाखवत आणि म्हणत, "बघा, आपल्या सरकारने एका देशाचं नावच काढून टाकलंय." दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत हा पहिला देश, १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत आपण पोचलो होतो, समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि भारताने खेळायला नकार दिला. चषक त्यांना गेला. मला तो आपल्या खेळातला एक मोठा दिवस वाटतो.

मग इथे वाळीत टाकणं बरोबर आणि पोर्तुगालच्या वेळी नाही, असं कसं? एक कारण असं की तिथल्या काळ्या जनतेने, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने, स्वतः जगाकडे बहिष्कार मागितला होता. त्याचा भार आधी आपल्यावर पडणार हे ठाऊक असून मागितला होता. पण त्याहून महत्त्वाचा फरक बहिष्काराच्या जागेचा आहे. क्रिकेट, टेनिस, नाट्यदौरे, संगीताचे जलसे या मान मिरवण्याच्या जागा. गोऱ्या सरकारला त्याच हव्या होत्या. युनेस्कोची जागा त्याला नकोशी होती, कारण तिथे १९५० पासून शास्त्रज्ञ लिहून देत होते की वंशश्रेष्ठतेला काही आधार नाही. ती पत्रकं दक्षिण आफ्रिकेला इतकी झोंबली की १९५५ मध्ये तिने निघण्याचं कळवलं आणि १९५६ च्या अखेरीस ती गेली. कोणी हाकललं नव्हतं. ती परत आली डिसेंबर १९९४ मध्ये, मंडेला राष्ट्राध्यक्ष असताना.

माझं म्हणणं एवढंच आहे. जी संस्था मान देते तिथलं दार, पीडितांनी मागितलं तर, बंद करावं. जी संस्था प्रश्न विचारते तिथली खुर्ची काढून घेऊ नये, कारण उत्तर देण्याचं बंधन त्या खुर्चीलाच बांधलेलं असतं.

हे आपल्यालाही लागू आहे, आणि त्यातून सुटका नाही. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या काळ्या लोकांच्या अर्जाची प्रत मागवली होती. आपल्या लोकांसाठी तसंच काही करावं का, हा विचार त्यामागे होता. २००१ मध्ये डरबनला वंशवादविरोधी परिषद भरली, तेव्हा दलित संघटना जातीचा प्रश्न घेऊन गेल्या आणि भारत सरकारने जातीचा उल्लेख नको म्हणून विरोध केला. त्या संघटनांनी भारताला बाहेर काढा असं कधी म्हटलं नाही. भारत तिथे बसलेला असताना त्याला विचारा, हे त्यांचं मागणं होतं.

फ्रँकोच्या स्पेनचा प्रसंग माझ्या भूमिकेला सर्वांत अवघड जातो. १९५२ साली युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन, आणि त्याच अधिवेशनात स्पेनला प्रवेश मिळाला. आल्बेर काम्यूने निषेध म्हणून युनेस्कोचं काम सोडलं. लेखकांना तुरुंगात टाकणारं, कॅटलान भाषेचा गळा आवळणारं सरकार संस्कृतीच्या घरात बसवलं, हा त्याचा संताप समजतो. स्पेनला तिथे कोणी फारसे प्रश्न विचारले नाहीत हेही खरं. शीतयुद्धात तो अमेरिकेला हवा होता. खुर्ची दिली आणि जाब विचारलाच नाही, तर उरतो तो नुसता मान. काम्यू बरोबर होता असं मला आज वाटतं. चीनच्या बाबतीत भारत मात्र खुर्चीच्याच बाजूने राहिला : १९६२ च्या पराभवाची जखम ओली असतानाही पेकिंगला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळावी ही भूमिका आपण सोडली नाही. त्याबद्दल नेहरूंना आजही शिव्या पडतात. मला त्यात कच्चेपणा दिसत नाही.

पॅलेस्टाइनला युनेस्कोत घेताना विरोध दारातच झाला. ३१ ऑक्टोबर २०११ ला मतदान झालं : बाजूने १०७, विरोधात १४, तटस्थ ५२. भारत बाजूने होता. पॅलेस्टाइनला सभासद करणाऱ्या संयुक्त राष्ट्र संस्थेला पैसे द्यायचे नाहीत, असे कायदे अमेरिकेत १९९० आणि १९९४ पासून होते. युनेस्कोच्या अंदाजपत्रकाचे २२ टक्के अमेरिकेकडून येत, ते एका दिवसात आटले. भरती थांबली, कार्यक्रम कापले गेले. आणि तो पैसा काही पॅलेस्टाइनचा नव्हता. तो साक्षरता वर्गांचा, पुराच्या पाण्यात सापडलेल्या ग्रंथालयांचा होता. २०१३ मध्ये अमेरिकेचा मताधिकार गेला, २०१८ च्या अखेरीस अमेरिका आणि इस्रायल दोघेही बाहेर पडले. अमेरिका जुलै २०२३ मध्ये परतली, आणि २२ जुलै २०२५ ला पुन्हा निघण्याचं जाहीर झालं. अकराच दिवस आधी, ११ जुलैला, शिवनेरी, रायगड, राजगड, प्रतापगडापासून तमिळनाडूच्या जिंजीपर्यंत बारा किल्ले जागतिक वारशात गेले होते आणि आमच्या भागात पेढे वाटले होते.

कोसोव्होचा युनेस्कोत येण्याचा अर्ज २०१५ च्या नोव्हेंबरात तीन मतांनी पडला. ९२ मिळाली, ९५ हवी होती. सर्बियाची भीती तिथल्या मध्ययुगीन ऑर्थोडॉक्स मठांची होती, आणि २००४ च्या दंगलीत जळलेली चर्चं पाहता ती खोटी म्हणता येत नाही. तरी मठ ज्याच्या भूमीत उभे आहेत त्यालाच जबाबदारीबाहेर ठेवून ते सुरक्षित कसे होणार, हे मला उमगलेलं नाही.

रशियाचं प्रकरण मात्र बरंचसं नीट हाताळलं गेलं. जागतिक वारसा समितीची २०२२ ची बैठक रशियाच्या अध्यक्षतेखाली कझानला व्हायची होती. अनेक देशांनी यायला नकार दिला, बैठक पुढे ढकलली, रशियाला अध्यक्षपद सोडावं लागलं, आणि ती २०२३ मध्ये रियाधला झाली. मधल्या काळात ओडेसाचा जुना भाग यादीत घेतला गेला. कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीतही रशिया पडला. सभासदत्व तसंच आहे. युरोव्हिजनसारख्या गाण्याच्या स्पर्धेत रशियाला २०२२ मध्ये थेट बंदी झाली, इस्रायलला डिसेंबर २०२५ मध्ये नाही. म्हणून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया, आइसलँड यांनीच अंग काढून घेतलं. त्या पाच देशांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गाण्याची स्पर्धा ही मानाची जागा आहे, आणि पॅलेस्टिनी संघटना २००४ पासून सांस्कृतिक बहिष्कार मागत आहेत.

मुंबईत हाच प्रश्न रस्त्यावर येतो तेव्हा देश आणि माणूस यांची सरमिसळ होते. १९९१ मध्ये पाकिस्तानशी सामना नको म्हणून वानखेडेची खेळपट्टी उखडली गेली. २०१५ मध्ये गुलाम अलींचा मुंबईतला कार्यक्रम धमकीमुळे रद्द झाला. २६/११ ला सीएसटीच्या फलाटावर जे झालं ते आम्ही विसरलेलो नाही, आणि ते स्टेशनही जागतिक वारशातलंच. पण गझल गाणारा म्हातारा कुठल्या परिषदेचा सभासद नसतो. त्याला अडवून कुठल्याही सरकारकडून उत्तर मिळालं नाही.

डिलाईल रोडवरून सात रस्त्याकडे चालत गेलं तर आग्रीपाड्याला मागेन हसिदीम हे बेने इस्रायलींचं मोठं प्रार्थनामंदिर लागतं. कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखली जाणारी ही माणसं, घरात मराठी बोलणारी. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेली. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर शंका घेतली, तेव्हा त्यांनी सत्याग्रह केला आणि १९६४ मध्ये तो प्रश्न सोडवून घेतला. 'मायबोली' हे मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमध्ये चालवलं. त्या देशाची सगळी माणसं म्हणजे त्या देशाचं सरकार नव्हे, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. ती आमची शेजारी होती.

युनेस्कोने १९७४ मध्ये इस्रायलला आपल्या प्रादेशिक गटांतून वगळलं होतं. जगभरच्या कलावंतांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९७६ मध्ये तो निर्णय फिरवावा लागला. आज परिस्थिती उलटी आहे. गाझातल्या मशिदी, चर्चं, संग्रहालयं, जुनी घरं यांच्या नुकसानीची नोंद युनेस्को उपग्रहाच्या चित्रांवरून करते आहे. शंभराहून जास्त ठिकाणं त्या यादीत आली आहेत. ती यादी परिषदेत वाचली जाईल तेव्हा इस्रायलच्या खुर्चीवर कोणी नसेल, ती २०१८ च्या ३१ डिसेंबरपासून रिकामी आहे. अमेरिकेचीही २०२६ च्या ३१ डिसेंबरला होईल.